वरळीच्या खिडकीत लॅव्हेंडर का जगत नाही

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये मुंबईच्या विकासासाठी एक खातं उघडलं गेलं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बीडीडी चाळी आता शंभरी ओलांडून टप्प्याटप्प्यानं पाडल्या जात आहेत. वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12, अशा एकूण 207 चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. गिरगावातल्या कित्येक चाळींना बाहेरून फिरणारी लाकडी गॅलरी असते, तशी इथं नाही. मधोमध लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. त्यामुळे झाडाला इथं दोनच जागा मिळाल्या: खिडकी, आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांना भिंतीलगतची मातीची पट्टी. एवढ्याशा जागेत तेलाच्या डब्यात तुळस, फुटक्या बादलीत कोरफड, खिडकीच्या गजाला बांधलेल्या डब्यात पानओवा किंवा सदाफुली, असा संसार कैक पिढ्यांनी सांभाळला. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना म्हाडाच्या नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इमारत 40 मजल्यांची, घर 500 चौरस फुटांचं. मोठी खिडकी मिळाली, ऊन आणि वारा मिळाला, आणि पहिल्यांदाच हौसेनं झाडं लावता येतील इतकी मोकळीक मिळाली. या नव्या खिडक्यांत कोणती झाडं जगतील, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचं जे उत्तर आजकाल सर्रास दिलं जातं, ते चुकीचं आहे.

ते उत्तर असं असतं: भरपूर ऊन आणि कमी पाणी असेल, तर भूमध्य समुद्राकाठची झाडं लावा. लॅव्हेंडर, रोझमेरी, सेज, थाइम, हौस आणि पैसा असेल तर कुंडीतलं ऑलिव्ह. बागकामाची पुस्तकं, सजावटीची मासिकं, मोबाइलवरच्या चित्रफिती सगळीकडे हीच यादी फिरते, आणि शहरातल्या नर्सऱ्यांतही ही रोपं हिवाळ्यात टवटवीत दिसतात. यामागचा तर्क वरवर सरळ आहे. ग्रीस, इटली, स्पेनचा उन्हाळा कडक आणि कोरडा. आपला मार्च ते मे कडक आणि बिनपावसाचा. तेव्हा तिथं जे तगतं ते इथंही तगेल. या तर्कात उन्हाचा हिशेब बरोबर आहे, पाण्याचा मात्र साफ चुकला आहे. झाडाला किती पाऊस मिळतो यापेक्षा तो वर्षाच्या कोणत्या वेळी मिळतो, यावर त्याचं जगणं-मरणं अधिक ठरतं. अथेन्स आणि वरळी या दोन ठिकाणी ती वेळ बरोबर उलटी आहे.

आकडे पाहिले की फरक लक्षात येतो. अथेन्समध्ये जुलैचं सरासरी कमाल तापमान 33-34 अंश सेल्सिअस असतं. मुंबईचं मे महिन्यातलंही जवळजवळ तेवढंच. म्हणजे उष्णतेत दोन्ही शहरं सारखीच. पण अथेन्सचा वर्षभराचा पाऊस सुमारे 400 मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मार्च या थंड महिन्यांत पडतो. जून, जुलै, ऑगस्ट मिळून तिथं जेमतेम 25-30 मिलिमीटर. मुंबईत कुलाब्याला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबरमध्ये. आपल्या एकट्या जुलैत अथेन्सच्या अख्ख्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस कोसळतो, आणि नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत आकाश जवळपास कोरडं. मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आणि परतण्याची 8 ऑक्टोबर. तिथल्या झाडाला थंडीत पाणी मिळतं आणि उकाड्यात तहान सोसावी लागते. आपल्या झाडाला उकाड्याच्या शेवटी एकदम पूर येतो, आणि तहान थंडीपासून पुढच्या उन्हाळ्याच्या टोकापर्यंत सोसावी लागते. तिथली कोरड तीन-चार महिन्यांची, आपली आठ महिन्यांची. नुसत्या दुष्काळाची स्पर्धा लावली, तर वरळीचं झाड अथेन्सच्या झाडाच्या पुढे जाईल.

भूमध्य पद्धतीचं हवामान पृथ्वीवर फक्त पाच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण किनारा. जगाच्या जमिनीचा हा जेमतेम दोन टक्के भाग, पण जगातल्या एकूण वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे एक पंचमांश इथं सापडतात. कोरड्या उन्हाळ्यानं इथल्या झाडांना अनेक युक्त्या शिकवल्या. ऑलिव्हचं पान लहान, चामड्यासारखं जाड, खालून रुपेरी. लॅव्हेंडरच्या पानावर बारीक लव असते. ती ऊन परतवते आणि पानालगतची हवा हलू देत नाही, त्यामुळे बाष्प कमी उडतं. रोझमेरीनं पानांच्या कडा आत दुमडून सुईसारखा आकार घेतला. या झाडांचा तो प्रसिद्ध वास म्हणजे पानांत साठवलेली तेलं. चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवणं हे त्यांचं एक मोठं काम. मुळं खडकाळ, चुनखडीच्या, पाणी झरझर निचरणाऱ्या जमिनीत खोल जातात. या सगळ्या रचनेत एक गृहीत दडलेलं आहे. उष्ण दिवसांत मूळ कोरडं असेल आणि ओल येईल ती थंड दिवसांत, हे या झाडांनी लाखो वर्षं धरून ठेवलेलं आहे.

वरळीत हे गृहीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोसळतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते; मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना प्राणवायू मिळतो. कुंडी सतत भिजत राहिली की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि मूळ गुदमरतं. थंड मातीत मुळाची प्राणवायूची गरज कमी असते, म्हणून तिकडच्या हिवाळी पावसात ते निभावतं. 27-28 अंशांच्या मातीत ती गरज वाढलेली असते, आणि त्याच उबदार ओलीत मुळं कुजवणाऱ्या बुरशी फोफावतात. वर पानांची लव, जी कोरड्या हवेत ढाल असते, ती दमट हवेत ओल धरून ठेवते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मुंबईची रात्र थंड होत नाही. मे महिन्यात सरासरी किमान तापमान 27 अंशांच्या आसपास राहतं, तर लॅव्हेंडरचं घर असलेल्या प्रोव्हान्सच्या डोंगरांत हिवाळी रात्री गोठवणाऱ्या असतात. भारतात लॅव्हेंडरची शेती यशस्वी झाली ती जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या थंड डोंगराळ भागात, आणि त्यामागचं कारण हेच. तेव्हा वरळीच्या खिडकीत ऑगस्टमध्ये लॅव्हेंडर काळवंडलं, तर घरातल्या बाईनं आपल्या हाताला गुण नाही असं मानून कष्टी होऊ नये. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या रक्तातच चुकीचं पंचांग होतं.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याकडून येईल, आणि तो वजनदार आहे. भूमध्य प्रदेशाची झाडं महाराष्ट्रात जगत नाहीत, तर नाशिकची द्राक्षं कुठून आली? पुरंदरचं अंजीर, सोलापूरचं डाळिंब? ही सगळी भूमध्य समुद्रापासून इराणपर्यंतच्या पट्ट्यातली झाडं, आणि महाराष्ट्राचं नाव त्यांनीच परदेशांत नेलं. आक्षेप खरा आहे, पण नीट पाहिलं तर तो माझंच म्हणणं पक्कं करतो. द्राक्षवेल तिच्या मूळ मुलखात हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि कोरड्या उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. नाशिकच्या बागायतदारानं ते वेळापत्रक मोडून नवं बांधलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. वर्षातून दोनदा छाटून पीक एकच घ्यायचं, आणि ते असं की मणी भरण्याचे आणि गोडी उतरण्याचे दिवस जानेवारी ते मार्चच्या कोरड्या उन्हात यावेत. वेल दूरच्या मुलखातून आली, पण तिचा उन्हाळा इथं माणसानं छाटणीच्या कात्रीनं पुढे-मागे सरकवला. म्हणूनच त्या बागायतदाराला उन्हाची नाही, अवकाळीची धास्ती असते. नको त्या वेळी आलेल्या एका पावसात डाऊनी रोग पडतो, घड जिरतात आणि वर्षाची मेहनत जाते. डाळिंबवाल्याचा बहार धरण्याचा सगळा शास्त्रार्थही पाण्याच्या वेळेचाच. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, यांपैकी जो धरायचा त्याच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडून फुलोरा काढायचा. पाऊस आपल्या सोयीनं येत नाही म्हटल्यावर शेतकऱ्यानं कोरडच आपल्या सोयीनं आणली.

त्याहून जुना पुरावा आपल्या रब्बीत आहे. गहू, हरभरा, जवस, करडई, मेथी, धने ही पिकं मूळची पश्चिम आशियाच्या आणि भूमध्य काठच्या हिवाळी पावसावर वाढणारी. आपल्याकडे ती पावसात पेरली जात नाहीत. पाऊस ओसरल्यावर, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीच्या भरवशावर ती वाढतात आणि ऊन चढण्याआधी काढली जातात. करडई तर खास बोलकी आहे: काटेरी, खोल मुळांची, सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात एका पाण्याशिवायही निभावणारी. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखलं की या पाहुण्यांना त्यांचा हिवाळा द्यायचा आणि आपला पावसाळा दाखवायचाच नाही. खिडकीतल्या बागेलाही हाच नियम लागू पडतो. कॅलेंडुला, डॉगफ्लॉवर ही भूमध्य काठची फुलं ऑक्टोबरमध्ये पेरली तर मुंबईतही जानेवारी-फेब्रुवारीत छान फुलतात. मार्चअखेर त्यांचं आयुष्य संपतं आणि त्याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. मेथी-कोथिंबिरीचा एक पसरट टब डिसेंबरच्या खिडकीत लॅव्हेंडरपेक्षा कितीतरी अधिक समाधान देईल. रोझमेरीचा हट्टच असेल, तर निम्मी वाळू-खडी घातलेल्या मातीच्या कुंडीत, पाऊस अजिबात न लागणाऱ्या जागी ती काही काळ निभावते, पण तो अपवाद झाला.

मग बारमाही काय लावायचं? इथं निसर्गानंच एक सुंदर आरसा धरला आहे. भूमध्य समुद्राच्या काठावर एक मोठा कांदा जमिनीत असतो. उन्हाळाभर त्याला एकही पान नसतं. कोरड्या दिवसांच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, उघड्या जमिनीतून पांढऱ्या फुलांचा उंच तुरा येतो, आणि पानं येतात ती हिवाळी पावसात. त्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे आपला रानकांदा. तो महाराष्ट्रात माळांवर आणि कोकणात उगवतो, आणि वागणं अगदी तेच, फक्त पंचांग उलटं. हिवाळाभर आणि उन्हाळ्यात झोप, मार्च-एप्रिलच्या भाजणीत बिनपानांचा फुलोरा, पानं पावसाळ्यात. दोघेही इतके सारखे की खोकल्यावरच्या औषधात युरोपी कांद्याच्या जागी आपला रानकांदा औषधशास्त्रानं अधिकृतपणे स्वीकारला होता. दुसरी जोडी दिपकाडी या कुळीची. तिची एक जात स्पेन-मोरोक्कोच्या कोरड्या जमिनीत वाढते, आणि दिपकाडी कोंकणेन्से ही जात कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, जगात इतरत्र कुठेही नाही, अशी पहिल्या पावसाबरोबर पांढरी फुलते. एकाच कुळीच्या दोन बहिणी, एकीनं हिवाळ्याचा पाऊस धरला, दुसरीनं मृगाचा. भूमध्य काठच्या बागेकडून रोपांची यादी उसनी घेण्यापेक्षा तिथल्या झाडांची युक्ती शिकावी, आणि ती युक्ती आपल्या पंचांगात बसवलेली झाडं आपल्याच मुलखात शोधावीत, असं मला वाटतं ते यासाठी.

बीडीडी चाळींतल्या अनेक घरांची गावं रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत, आणि सडा काय असतो हे त्यांना सांगावं लागत नाही. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर कुठं वीतभर तर कुठं बोटभर माती. पावसात त्यावर पाणी साचतं, गवतफुलांचा गालिचा पसरतो. दिवाळीनंतर सगळं वाळून तांबूस होतं आणि मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही. आता टोलेजंग इमारतींच्या पोडियमवरच्या बागेकडे पाहा. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर जलरोधक थर, वर थोडी माती. चार महिने पाणी तुंबण्याची भीती, आठ महिने तापलेला स्लॅब. ही जमीन प्रोव्हान्सची नाही, कोकणच्या सड्याची आहे. खिडकीतली कुंडी तर सड्यावरच्या एखाद्या खळग्याएवढीच. तरीही बहुतेक प्रकल्पांत तिथं हिरवळ अंथरली जाते, जी रोज पाणी मागते, आणि शोभेचे ताड-माड रांगेनं लावले जातात. पोडियमवर काय लावायचं हे कंत्राटदार ठरवतो आणि पाण्याचं बिल रहिवासी भरतात. म्हणून ही निवड रहिवाशांनी आपल्या हातात घ्यावी.

सड्याची आणि डोंगरकड्यांची झाडं दोन तऱ्हेनं कोरड काढतात. एक तऱ्हा झोपेची: कंद जमिनीत ठेवून वरचा सगळा पसारा आवरायचा, किंवा तेरड्यासारखं बी टाकून मोकळं व्हायचं. गौरी आणताना ज्या तेरड्याला मान असतो, तो आपला उन्हाळा बियांच्या रूपात काढतो. या झोपाळू मंडळींतली घरात लावण्याजोगी नावं मराठी घराला परकी नाहीत. भुईचाफा एप्रिल-मेमध्ये उघड्या मातीतून जांभळट-पांढरा उमलतो आणि पानं पावसात काढतो. गुलबक्षीचा कंद वर्षानुवर्षं एकाच कुंडीत पडून असतो. पावसाळी लिली पहिल्या सरींबरोबर फुलते. आणि हळद: मेअखेरीस गड्डा लावला की पातोळ्यांसाठी नागपंचमीला आणि गणपतीत घरचं पान मिळतं, थंडीत पाला वाळतो, आणि मग पुढच्या मेपर्यंत त्या कुंडीला पाण्याचा थेंब नको. दुसरी तऱ्हा साठवणुकीची आणि काटकसरीची. कोरफड, निवडुंग ही मंडळी दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. पाणी उडतं ते अगदी थोडं. या दोन्ही तऱ्हा एकत्र केलेलं झाड पाहायचं असेल तर शिंदळ माकुडी. फक्त महाराष्ट्रातल्या डोंगरकड्यांवर सापडणारी ही वनस्पती पावसात पानं धरते, कोरड्या दिवसांत ती गाळून नुसत्या मांसल खोडावर जगते. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिच्या कुळीचं नामकरण केलं. ती दुर्मीळ आहे. डोंगरावरून काय, सड्यावरूनही कंद उपटून आणू नयेत. चिऱ्यांच्या खाणींनी आणि कलमांच्या बागांनी सडे आधीच आक्रसले आहेत. परसातला भुईचाफा आणि हळदीचा गड्डा गावाहून आणायला मात्र कुणाची हरकत नाही.

दोन्ही मुलखांना आपलं म्हणणारी झाडंही आहेत, आणि त्यांत पहिला मान कण्हेरीचा. तिचं नैसर्गिक घर भूमध्य समुद्रापासून भारत ओलांडून थेट चीनपर्यंत पसरलेलं आहे. तिकडे ती कोरड्या नद्यांच्या पात्रांत वाढते, जिथं वर्षातून काही दिवस लोंढा येतो आणि नंतर नुसती रेती उरते. पूर आणि कोरड दोन्हींचा सराव असल्यामुळे मुंबईचा जुलै तिला मारत नाही आणि मेही मारत नाही. तिच्या पानाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म खळगे असतात, त्यांत केस, आणि पर्णरंध्रं त्या खळग्यांच्या आत. कोरडा वारा तिथवर पोचतच नाही. समुद्राचा खारा वारा तिला बाधत नाही, आणि वरळीत ही गोष्ट मोलाची. बोगनवेल मूळची ब्राझीलची, पण ती आज भूमध्य काठच्या गावांचीही ओळख झाली आहे आणि आपल्या कुंपणांचीही. तिला पाणी तोडलं की ती अधिक फुलते, अगदी डाळिंबाच्या ताणासारखी. सदाफुली मादागास्करची. तिच्यापासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं निघाली, आणि आपल्याकडे ती भिंतीच्या फटीतही उगवते. चिनी गुलाब दक्षिण अमेरिकेचा, भर उन्हातच उघडणारा. यावर कुणी म्हणेल, परदेशी लॅव्हेंडर नको आणि ब्राझीलची बोगनवेल चालते, हा कुठला न्याय? झाडाचं गाव माझ्या लेखी महत्त्वाचं नाहीच. ते आठ महिने कोरडं राहू शकतं का आणि चार महिने भिजू शकतं का, एवढे दोनच प्रश्न मी विचारतो. सदाफुलीला तुंबलेलं पाणी खपत नाही, म्हणून तिची कुंडी पावसात आडोशाला घ्यावी. इतकी सूट दिली की ती दोन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होते.

आता टॉवरमधल्या माणसाचा आक्षेप. आमच्या खिडकीवर सज्जा आहे, पाऊस आत येतच नाही, मग पावसाळ्याची भीती कसली? पाऊस येत नसेल, पण हवा येते, आणि पावसाळी मुंबईच्या हवेतलं बाष्प सज्ज्याला जुमानत नाही. शिवाय पंचवीस-तीस मजल्यांवर वारा जोराचा असतो. तो मे महिन्यात पानांतलं पाणी ओढून घेतो आणि जुलैत पाऊस आडवा आत आणतो. म्हणून तिथं बुटकी, घट्ट, जाड पानांची झाडं हवीत, आणि कुंडी ग्रिलच्या बाहेर टांगलेली नको; एवढ्या उंचीवरून पडलेली कुंडी खाली चालणाऱ्याचा जीव घेऊ शकते. दुसरा आक्षेप असा की नळाला पाणी असताना तहानेचा एवढा विचार कशाला. मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून पाणी येतं, आणि ते सातही त्याच चार महिन्यांच्या पावसावर भरतात. जुलै 2023 मध्ये शहरात दहा टक्के पाणीकपात झाली, 2024 च्या मेअखेरीस पाच टक्के आणि जूनमध्ये दहा टक्के. कपात येते ती नेमकी झाडं सर्वांत तहानलेली असतात तेव्हा. त्या दिवसांत जे झाड रोज बादलीभर पाणी मागतं ते घरातल्या बाईच्या जिवाला घोर लावतं. आणि कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं, हे महापालिका दर पावसाळ्यात सांगत असते. ताटली ठेवूच नये. कुंडीला मोठं भोक, भोकावर खापरी, लाल मातीत तिसरा हिस्सा वाळू आणि विटांचा चुरा, थोडं शेणखत. नुसती लाल माती उन्हात विटेसारखी आवळते आणि पावसात चिखल होते.

एक इशारा स्पष्टपणे द्यायला हवा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, खोड, मूळ, सगळं. पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तशाच. ज्या घरात रांगतं मूल आहे किंवा पाळीव जनावर आहे, तिथं खिडकीत कण्हेर लावू नये. तिची योग्य जागा पोडियमची कड, कुंपण, रस्त्याचा दुभाजक. राज्यातल्या महामार्गांच्या दुभाजकांत ती लावली जाते ती काही उगाच नाही. घरात कोरफड, पानओवा, हळद, तुळस, भुईचाफा पुरेत.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी. शंभर वर्षं 160 चौरस फुटांत काढलेल्या माणसांपुढे घराचा, नोकरीचा, देखभालखर्चाचा प्रश्न असताना कुंडीतल्या झाडाची चर्चा हे सुखवस्तू लोकांचं खेळणं नाही का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण चाळीनंच दिलं आहे. जागा नव्हती, पाणी ठरावीक वेळी यायचं, तरीही डब्यातली तुळस आणि कोरफड कुणी टाकली नाही. झाड लावणं ही तिथं श्रीमंतीची खूण कधीच नव्हती. आणि कोणती झाडं टिकतात याची परीक्षा त्या डब्यांनी शंभर उन्हाळे-पावसाळे घेतली आहे. चाळीच्या खिडकीत जे उरलं ते कुठल्याही मासिकाच्या यादीपेक्षा वरळीच्या हवेची साक्ष अधिक खरी देतं. नव्या इमारतींत ही साक्ष बाजूला पडून महागडी, मरणारी रोपं आली, तर दोन पावसाळ्यांत लोक म्हणतील की उंचावर झाडं जगत नाहीत, आणि खिडक्या रिकाम्या होतील.

ज्या चाळी अजून रिकाम्या व्हायच्या आहेत, तिथल्या रहिवाशांना म्हणूनच एक विनंती आहे. सामानाची बांधाबांध सुरू होण्याआधी आपल्या डब्यांतल्या झाडांची फांदी, कंद, बी काढून ठेवा. बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड फांदी जूनच्या पहिल्या पावसात लावली की मुळं धरते. पानओव्याचं एक पेर पाण्याच्या पेल्यातही फुटतं, सदाफुलीच्या शेंगा वाळल्या की बी कागदाच्या पुडीत राहतं. कोरफडीची पिल्लं केव्हाही वेगळी करता येतात, आठवडाभर सावलीत वाळवून मगच मातीत घालावीत. पोडियमवर काय लावायचं याची चर्चा सोसायटीच्या पहिल्या बैठकीत काढा, हिरवळीचं काम मंजूर होण्याआधी, आणि लागवडीचा मुहूर्त जूनचा धरा.